औषध नाही, गोळी

"मावशी, सध्या कुठली औषधं चालू आहेत?" त्या "काही नाही" म्हणाल्या आणि मी फॉर्मवर रेघ ओढली. ती रेघ अजून डोक्यातून जात नाही.

माण तालुक्यातल्या, साठीच्या. हिमोग्लोबिन ६.२, दोनदा रक्त चढवलेलं. वरून-खालून दोन्ही दुर्बिणी घालून झाल्या, सीटी झाला, सगळं नॉर्मल. उरलं मधलं लहान आतडं, म्हणून कॅप्सूल, म्हणजे गिळायचा छोटा कॅमेरा. २६ मिलिमीटर लांब, ११ जाड. डबीतल्या चुंबकापासून सुटली की लुकलुकायला लागते. मावशींनी तळहातावर घेऊन पाहिली, "काजवाच हाय की ह्यो" म्हणाल्या आणि एका घोटात गिळली.

पेशंट कमरेला रेकॉर्डर बांधून हिंडतो, लोकांना वाटतं झालं काम. खरं काम दुसऱ्या दिवशी. सेकंदाला दोन चित्रं, आठ तास, म्हणजे ५७,६००. पहिलं वाचन माझं, शेवटचा शब्द सरांचा. सॉफ्टवेअर लाल दिसेल तिथे खूण करतं. नुसत्या त्या खुणा बघून उठणारे टेक्निशियन आहेत. माझ्या घरच्या कुणाचं आतडं मी त्यांच्या हाती देणार नाही.

तीन तास सगळं मखमल. मग एक कडं आलं. पांढुरकं, पडद्यासारखं पातळ, मध्ये पेन्सिल जेमतेम जाईल एवढं भोक, भोकाच्या काठाला व्रण. कॅप्सूल त्याला टेकली, मागे आली. पुन्हा तेच कडं. बॅटरी संपेपर्यंत तेच.

सरांनी बघताक्षणी विचारलं, "पेनकिलर?" मी फॉर्म दाखवला. "फोन लाव."

सुनेने उचलला. "नाही हो, औषध कसलंच नाही. गुडघ्याची गोळी तेवढी. किराणा दुकानातनं आणतो, सकाळ-संध्याकाळ." कधीपासून? "मी लग्न होऊन आले तवापासनं." लग्नाला अकरा वर्षं.

डॉक्टर देतो ते औषध, दुकानात मिळते ती गोळी. मी खटावचा, मला हे कळायला हवं होतं. कळलं असतं तर आधी विरघळणारी नकली कॅप्सूल देऊन वाट मोकळी आहे का बघता आलं असतं. ती मुद्दाम मागवावी लागते, म्हणून आमच्याकडे कुणी तिचं नावच काढत नाही.

दोन आठवड्यांनी एक्स-रे काढला. कॅप्सूल तिथेच. शेवटी ऑपरेशन. बाहेरून आतडं इतकं साधं दिसत होतं की सर्जननी आतली कॅप्सूल हाताने चाचपतच जागा धरली. तेवढा तुकडा काढला, त्यात ती कडी एकाखाली एक तीन निघाली. सर म्हणतात, अडकली म्हणून तर सापडलं. खरंय. पण टाके मावशींच्या पोटावर आहेत.

परवा तपासणीला आल्या, हिमोग्लोबिन ११. "काजवा कुठं ठेवलाय माझा?" म्हणून हसल्या. मग कनवटीतून गोळ्यांचं पाकीट काढून पुढे केलं, "ही आता नको ना?"

दहातल्या दोन नव्हत्या.