दशांशचिन्हाची भिंत

सहावीला दशांश अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी शिकवून झाली होती आणि या मुलीला पहिल्या चाचणीत दहापैकी दहा गुण होते. म्हणूनच वही तपासताना ४.८ + ३.६ = ७.१४ हे उत्तर दिसले, तेव्हा ती घाईतली चूक असावी असे मी धरून चालले. त्याखाली २.७ + ५.९ = ७.१६ दिसले आणि मी लाल पेन बाजूला ठेवले. मांडणीत खोट काढायला जागाच नव्हती: चिन्हाखाली चिन्ह, एककाखाली एकक, दशांशाखाली दशांश.

मुले अंक उजव्या कडेला जुळवतात आणि ३.७ मधला ७ हा २.१५ मधल्या ५ शतांशांवर येऊन बसतो, ही नेहमीची चूक. त्या चुकीला ‘चिन्हाखाली चिन्ह’ एवढे सांगणे पुरते. इथे तो नियम पाळूनच उत्तर चुकले होते. एका सहकाऱ्यांनी वही न पाहताच ‘शेवटी शून्य लावायला सांगा, जमेल’ असे सुचवले. तेही करून पाहिले. तिने ४.८० आणि ३.६० लिहिले आणि उत्तर काढले ७.१४०. मूल काय विचार करते हे न विचारता नियम सांगून मोकळे होण्याची आम्हा शिक्षकांची सवय मला त्या दिवशी फार खटकली.

मग मी तिला म्हटले, ‘कसे केलेस ते बोलून दाखव.’

‘बाई, आठ आणि सहा चौदा. चिन्हाच्या पलीकडे वेगळी संख्या आहे ना, मग हातचा तिकडे कसा जाईल?’

‘डावीकडचा भाग वेगळा, उजवीकडचा वेगळा’ हे वाक्य फळ्यापाशी उभे राहून मीच सांगितले होते.

मी तिला पट्टीने ४.८ सेंटिमीटरची रेघ काढायला लावली आणि तिच्या टोकापासून पुढे ३.६ सेंटिमीटरची. तिने पूर्ण रेघ मोजली, ८.४ आली; पट्टी उचलून पुन्हा मोजली, पुन्हा ८.४. बराच वेळ ती वहीतल्या ७.१४ कडे पाहत राहिली. ‘म्हणजे चौदा दशांशांतल्या दहांचा एक एकक झाला,’ हे ती स्वतःहून म्हणाली.

वजाबाकीत तिने ५ − २.३६ चे उत्तर ३.३६ लिहिले होते. गणितज्ञ सायमन स्टीव्हिनने १५८५ मध्ये दशांश अपूर्णांक मांडताना प्रत्येक अंकापाशी त्याचे स्थान वर्तुळात लिहिले होते: एककाला ०, दशांशाला १, शतांशाला २. आम्हीही चिन्ह पुसून तशीच वर्तुळे काढली. आता मध्ये भिंत नव्हती, नुसती ओळीने घरे होती. शतांशांच्या घरात काही नाही, दशांशांच्याही नाही, म्हणून एककाकडून एक उसना घेतला. त्याचे दहा दशांश झाले, त्यांतल्या एकाचे दहा शतांश. उरले ४ एकक, ९ दशांश, १० शतांश, आणि उत्तर आले २.६४. पडताळ्यासाठी तिने २.६४ मध्ये २.३६ मिळवले. सहा आणि चार दहा, हातचा एक. तीन, सहा आणि हातचा एक मिळून पुन्हा दहा. तो दुसरा हातचा एककांच्या घरात लिहिण्याआधी तिची पेन्सिल क्षणभर थांबली, मग तिने तो ठळक लिहिला.

संध्याकाळी मी पहिल्या चाचणीची प्रश्नपत्रिका काढून पाहिली. ती मीच तयार केली होती. तिच्यातल्या एकाही बेरजेत हातचा दशांशचिन्ह ओलांडत नव्हता. दहापैकी दहा मिळवलेली आणखी बरीच मुले त्या वर्गात आहेत, आणि त्यांच्यातल्या किती जणांनी ती भिंत तशीच मनात ठेवली आहे, हे त्या उत्तरपत्रिकांवरून मला सांगता येत नाही.