पुणे ते सोलापूर, सातव्या महिन्यात: थांबे, डबा आणि पाण्याचा हिशेब

पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजामुळे पुण्याहून सोलापूरकडे येणाऱ्या गाड्यांमध्ये पोटुशी लेक आणि तिच्या उशाशी काळजीने बसलेली आई ही जोडी नेहमी दिसते. रस्ता साधारण २५० किलोमीटरचा: हडपसर, यवत, भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ. घरच्यांची धास्ती असते धक्क्यांची. पण सगळं ठीक असलेल्या गर्भारपणात गतिरोधकावर गाडी आदळल्याने बाळाला काही होत नाही, ते गर्भजलात सुरक्षित असतं. या वाटेवर बिघडतं ते दुसऱ्याच कारणाने. वाटेत लघवीला जायला नीट जागा नाही म्हणून बाई पाणीच पीत नाही. चाळीसच्या वर गेलेल्या पाऱ्यात पाच तास असे काढले की डोकं दुखतं, चक्कर येते, पोट मधूनमधून कडक व्हायला लागतं. लघवी दाबून धरल्याने जळजळ आणि संसर्ग होतो, तो वेगळाच. म्हणून आधी थांबे ठरवायचे, बाकीची तयारी त्यानंतर.

हा वृत्तांत उन्हाळ्यातल्या, चारचाकीने केलेल्या प्रवासाचा आहे. रेल्वेचं पुढे वेगळं येईल.

निघायला चांगला काळ म्हणजे १४ ते २८ आठवडे. ओकाऱ्या थांबलेल्या असतात आणि पोटाचं ओझं फार झालेलं नसतं. डोहाळजेवण सातव्यात असतं म्हणून बऱ्याच जणी २८ ते ३२ आठवड्यांत निघतात, तेही चालतं. ‘नववा लागला की नेऊ’ हे मात्र नको. जुळं असेल, वार खाली असेल, अंगावरून रक्त गेलं असेल, आधीचं बाळंतपण दिवसांआधी झालं असेल, पिशवीच्या तोंडाला टाका असेल किंवा रक्तदाब १४०/९० च्या घरात असेल, तर तारीख घरात ठरत नाही, डॉक्टर ठरवतात.

निघण्याआधीची एक गोष्ट सर्रास राहून जाते. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि वडिलांचा पॉझिटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन (आईच्या अंगात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणूनचं) साधारण २८ व्या आठवड्यात द्यायचं असतं, आणि नेमकी तीच वेळ सामान बांधायची असते. पुण्याच्या डॉक्टरांना वाटतं सोलापुरात घेतील, सोलापुरात समजतात पुण्यात झालं असेल. ते घेऊनच निघा. साखरेची तपासणी (२४ ते २८ आठवडे) आणि धनुर्वाताच्या टीडी लसीची नोंदही पाहून घ्या. माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे सगळे रिपोर्ट, शेवटचं हिमोग्लोबिन आणि रक्तगट एका फाईलमध्ये ठेवा. ती फाईल डिकीत नको, हाताशी हवी.

गाडी पहाटे साडेपाचला काढावी. अकराच्या आत सोलापूर गाठलं की अर्धं दुखणं टळतं. बसायला मागची सीट चांगली, पण पट्टा मागेही लावायचाच. खालचा पट्टा पोटाच्या खाली, मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडांवर टेकलेला हवा. वरचा पट्टा दोन्ही स्तनांच्या मधून येऊन पोटाच्या बाजूने खाली गेला पाहिजे. ‘पोट दाबलं जातं’ म्हणून पट्टा पाठीमागे टाकणाऱ्या पुष्कळ असतात. मुळात पट्टा पोटावरून घेतलेला असतो म्हणून तो दाबतो. पुढे बसायचं तर सीट शक्य तितकी मागे सरकवा, एअरबॅग बंद करू नका. कमरेच्या खळग्यात टॉवेलची गुंडाळी ठेवा, उशी नको, तिने अंग पुढे ढकललं जातं.

पहिला थांबा यवत-चौफुला पट्ट्यात, साधारण तासाभराने. नाष्टा इथेच. घरून नेलेले धपाटे, शक्यतो कमी तिखटाचे, सोबत केळं. दही न्यायचं तर इथेच संपवा, तापलेल्या गाडीत ते दोन तासही धड राहत नाही. चहा प्यायला हरकत नाही, पण लोहाची गोळी चहाच्या मागेपुढे तासभर नको आणि कॅल्शियमसोबत तर नकोच. त्या दोघींत किमान दोन तासांचं अंतर ठेवा. सोयीचा क्रम असा: कॅल्शियम नाष्ट्यानंतर, लोह मुक्कामी पोचल्यावर लिंबूपाण्यासोबत. लोहाने मळमळत असेल तर प्रवासाच्या दिवशी ती गोळी रात्री घेतली तरी चालते. दिवसभराचं कॅफीन २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवायचं. दोन कप घरगुती चहा त्यात आरामात बसतो, पण प्रत्येक थांब्यावर एक कटिंग म्हटलं की हिशेब चुकतो.

दुसरा थांबा भिगवणच्या आसपास. इथल्या माशांचं नाव मोठं आहे आणि गोड्या पाण्यातला मासा गर्भारपणात वर्ज्यही नाही, फक्त आतपर्यंत शिजलेला हवा. पण सकाळी आठला तेलातिखटाची थाळी खाऊन पुढे दीडशे किलोमीटर बसायचं, याला शहाणपण म्हणत नाहीत. छातीत जळजळतं, मग आडवं व्हावंसं वाटतं आणि आडवं झाल्यावर अजून जळजळतं. फुटाणे, राजगिऱ्याचा लाडू आणि दोन खारका इथे पुरे.

तिसरा इंदापूर किंवा टेंभुर्णी, चौथा मोहोळ. एस.टी. स्थानकापेक्षा मोठे पेट्रोल पंप बरे पडतात. तिथे स्वच्छतागृह असणं आणि ते फुकट वापरू देणं पंपवाल्यावर बंधनकारक आहे. कुलूप दिसलं तर किल्ली मागा, संकोच नको. सोबत कागदी साबण, टिश्यू आणि एक लिटर वापरायचं पाणी ठेवा. भारतीय पद्धतीच्या संडासात तोल सांभाळायला दाराशी कुणीतरी सोबत उभं असावं.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या भरून घ्या आणि थोडं थोडं पीत सोलापूर येण्याआधी तिन्ही संपवा. लघवी फिकट पिवळी असली की समजा बरोबर चाललंय. घाम फार येत असेल तर एक बाटली ओआरएसची करा. पुडी एक लिटरची असते, ती अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतली तर क्षार दुप्पट होतात. घरी करायचं असेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचाच.

रसवंतीच्या घुंगरांचा आवाज आला तरी उसाचा रस सोडा. अडचण उसाची नाही, बर्फाची आणि पाण्याची आहे. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ‘ई’ची कावीळ एरवी बहुतेकांची आपोआप बरी होते, पण शेवटच्या तिमाहीत झाली तर १०० पैकी २० ते २५ जणींच्या जिवावर बेतू शकते. ‘एका ग्लासाने काय होतंय’ म्हणणाऱ्या काकूंना हा आकडा सांगावा.

पायांचं गणित टोलनाक्यांवर सोडून द्या. पाटस, सरडेवाडी, वरवडे, सावळेश्वर. नाका दिसला की पावलं वर-खाली वीस वेळा, मग घोटे दोन्ही बाजूंनी गोल फिरवायचे. पाय लटकवून स्थिर बसल्याने पोटरीतल्या शिरांत रक्त साकळतं आणि गर्भारपणात रक्त मुळातच लवकर गोठतं. दोन्ही पाय सारखे सुजले तर बहुधा बसण्याचा परिणाम. एकच पाय सुजला, पोटरी गरम आणि दुखरी लागली किंवा अचानक दम लागला, तर थेट रुग्णालय. तसंच पाणी जाणं, रक्त जाणं, नियमित येणाऱ्या कळा, डोळ्यांपुढे अंधारीसह तीव्र डोकेदुखी, चेहऱ्यावर सूज, बाळाची हालचाल कमी वाटणं, यांपैकी काहीही झालं तर सोलापूर गाठायचा हट्ट धरू नका. १०८ ला फोन करा. दौंड, इंदापूर आणि मोहोळला सरकारी रुग्णालयं आहेत.

डोकं दुखलं तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल. आयब्रुफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी कुणाच्या पर्समधून मागून घेऊ नका. गाडी लागत असेल तर आल्याची वडी चघळा आणि मोबाईल खाली ठेवा. गोळी हवीच असेल तर ती निघण्याआधी लिहून घ्यायची.

आता रेल्वे. खरं सांगायचं तर जमेल तिथे हाच पर्याय पहिला: उठून चालता येतं आणि संडास डब्यातच. पुण्याहून साधारण चार तास, वंदे भारत त्याहून थोडी लवकर पोचवते, पण ती सोलापुरात रात्री उशिरा येते. सकाळची इंटरसिटी दिवसाउजेडी पोचते, फक्त उन्हाळ्यात दुपारी उतरावं लागतं. या दोन्हींत आणि हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये बसायच्याच जागा असतात, तेव्हा खिडकीचा मोह टाळून वाटेकडेची जागा घ्या. आडवं व्हायचं असेल तर शयनयान असलेली लांब पल्ल्याची गाडी पाहा. गर्भवतींसाठी खालच्या बर्थचा कोटा आहे, डॉक्टरांचा दाखला घेऊन आरक्षण खिडकीवर तो मागता येतो. आडवं होताना कुशीवर, शक्यतो डाव्या. पुण्यात लिफ्ट किंवा सरकता जिना कुठे आहे ते आधी पाहून ठेवा, जड बॅग घेऊन पुलाचा जिना चढणं हाच या प्रवासातला सगळ्यात कष्टाचा भाग ठरतो. एस.टी.ला महिलांना निम्मं भाडं आहे हे खरं, पण गाडी कधी आणि कुठे थांबेल ते आपल्या हातात नसतं, आणि इथे सगळं अडतं तिथेच.

सोलापुरात पोचल्यावर ताटात कडक भाकरी आणि शेंगाचटणी येणारच. शेंगदाण्यात प्रथिनं भरपूर, पण चटणीत मीठ आणि तिखटही तितकंच. चमचाभर चटणी, सोबत दही आणि लिंबू पिळलेली कांदा-काकडी, हे झकास जेवण आहे. कुबट वास येणारे जुने दाणे फेकून द्या, त्यांत बुरशीचं विष असू शकतं. कडक भाकरी कोरडी खाल्ली की बद्धकोष्ठ वाढतो, लोहाच्या गोळ्यांनी तो आधीच असतो. आमटीत कुस्करा. डाळिंब खुशाल खा. पिकलेली पपई बेताने चालते, कच्ची नको.

तुळजापूरला ओटी भरायला जायचं ठरलंच असेल तर लक्षात ठेवा की मंदिर खाली आहे. उतरताना काही वाटत नाही, पायऱ्या चढताना दम लागतो आणि दुपारी फरशी पाय भाजते. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा सोडून सकाळी लवकर जा, पायांत मोजे घाला. अक्कलकोट त्या मानाने सोपं.

शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून घरोघरी पिंप आणि टाक्या भरलेल्या असतात. प्यायचं पाणी खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर ठेवलं तरी पुरतं, वीस मिनिटं गॅस जाळायची गरज नाही. साठवणीच्या पाण्यातच डेंगीचा डास वाढतो आणि तो दिवसा चावतो. पिंपाला घट्ट झाकण लावा, आठवड्यातून एकदा ते पूर्ण रिकामं करून आतून घासा, आणि मच्छरदाणी दुपारच्या झोपेलाही वापरा. पहिल्या आठवड्यातच, सिव्हिल असो वा खासगी, जिथे बाळंतपण करायचं तिथे फाईल दाखवून नाव नोंदवून या. सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेला गर्भवतींची तपासणी मोफत असते, तो दिवस धरला तर एकाच फेरीत काम होतं.