रात्री आपोआप वाजणारा पंप

मे महिना आला की आमच्या कामाचा रंग बदलतो. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर थंडी सुरू झालेली असते आणि नेमक्या त्याच वेळी भारतात शाळांना सुट्टी लागलेली असते. मग मुलांकडे आलेले आईवडील, भाड्याची मोटारहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, आणि टेकापो-माउंट कुकचा रस्ता असं दृश्य सारखं दिसायला लागतं. मी टिमारूला राहतो. मूळचा मिरजेचा, आयटीआयमधून प्लंबिंग शिकलेला. पुण्यात बरीच वर्षं सोसायट्यांच्या टाक्या आणि लाइनींवर काम केलं. इथे मोटारहोम आणि कॅरव्हॅनची पाण्याची, पंपाची, हीटरची कामं गाडी उभी असेल तिथे जाऊन करतो.

त्या दिवशी सकाळी गाड्या भाड्याने देणाऱ्या एका कंपनीचा फोन आला. ट्वायझेलच्या कॅम्पिंगच्या जागेवर त्यांची एक मोठी गाडी उभी होती. शॉवरपाशी ओल येतेय अशी तक्रार होती. अंघोळीचं पाणी उडत असेल, नळाच्या कडेने सिलिकॉन मारा आणि त्यांना पुढे जाऊ द्या, एवढंच सांगणं. रोगी न बघता औषध सांगितलेलं मला पटत नाही, पण फोनवर वाद घातला नाही. फेअरली, बर्क्स पास, टेकापो करत ट्वायझेलला पोचलो. दिवस बराच वर आला होता, तरी सावलीतल्या गवतावर रात्रीचं दहिवर तसंच गोठलेलं होतं.

गाडीचं दार उघडंच होतं. आतून आवाज आला, "अहो, पुसायचं फडकं कुठे ठेवलंत?"

मी पायरीवरूनच म्हटलं, "काकू, फडकं राहू द्या. ओल जशी आहे तशीच बघायचीय मला."

दोन क्षण आत कोणी काही बोललंच नाही. मग काका बाहेर आले. वय सत्तरीच्या पुढे, डोक्याला मफलर. "कुठले तुम्ही?"

"मिरजेचा, काका."

"ये, ये, आत ये. आम्ही नाशिकचे. मुलगा-सून ऑकलंडला असतात, दोघं आत्ता दूध आणायला गेलेत. मला तुला काहीतरी दाखवायचंय."

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. त्यांनी खिशातून किराणा दुकानाची पावती काढली. मागच्या कोऱ्या बाजूवर बारीक अक्षरात वेळा मांडल्या होत्या: १.१०, १.३१, १.५२, २.१४. "सगळे झोपलेले, एकही नळ चालू नाही, आणि बाकाखालचा पंप मधूनच घुर्र करून गप्प बसतो. चार वेळा ऐकलं, मग बटण बंद केलं. सकाळी चालू केलं तर चांगला सहा-सात सेकंद चालला. म्हणजे रात्रीत दाब उतरला की नाही?"

अगदी बरोबर. माझं अर्धं काम त्या पावतीवरच झालं होतं. मोटारहोममध्ये घरासारखी गच्चीवर टाकी नसते. पाणी खाली, बाकाखाली किंवा गाडीच्या जमिनीखाली, आणि १२ व्होल्टचा छोटा पंप ते ढकलतो. पंपाला प्रेशर स्विच असतो. बहुतेक पंपांत दाब साधारण ३० पीएसआयपर्यंत (पीएसआय हे दाब मोजायचं माप) गेला की तो बंद होतो आणि नळ उघडून दाब पडला की पुन्हा सुरू होतो. नळ बंद असताना पंप आपोआप वाजला तर कुठूनतरी दाब सुटतोय. शॉवरची मोरी फुटली असती किंवा ट्रेच्या कडेचं सिलिकॉन गेलं असतं तर अंघोळ करतानाच पाणी आलं असतं, रात्री दोन वाजता नाही. म्हणजे गळती सांडपाण्याच्या बाजूची नव्हती, भरलेल्या लाइनीची होती. कंपनीने सांगितलेलं सिलिकॉन तिथेच बाद झालं.

तरी दोन शक्यता उरत होत्या आणि त्या तपासल्याशिवाय काही उघडायचं नाही असं ठरवलं. पहिली, पंपातला एकमार्गी व्हॉल्व्ह. तो सैल झाला तर पाणी उलटं टाकीत जातं, पंप वाजतो, पण बाहेर थेंबही सांडत नाही. इथे तर गाडीची जमीन ओली होती. दुसरी शक्यता टेकापो-ट्वायझेलच्या या मॅकेन्झी खोऱ्यात थंडीत नेहमी निघते. गरम पाण्याच्या हीटरला बर्फापासून वाचवणारा एक व्हॉल्व्ह असतो. तापमान ३ अंशांच्या आसपास आलं की तो आपोआप उघडतो आणि हीटरमधलं पाणी गाडीखाली सोडून देतो. पाणी गोठताना जवळपास ९ टक्के फुगतं, हीटरची टाकी फुटू नये म्हणून ही सोय.

मी चटई टाकून गाडीखाली गेलो. त्या व्हॉल्व्हची नळी कोरडी होती. पण तिथून बऱ्याच अंतरावर, मागच्या चाकाच्या कमानीजवळ वायरी खाली येतात त्या भोकाशी, बोटभर जाडीचा बर्फाचा सुळका लटकत होता. स्वच्छ पाण्याचा. साबण नाही, वास नाही. वर शॉवर नव्हताच, कपडे ठेवायचं कपाट होतं.

बाहेर येऊन विचारलं, "काकू, कपाटात काही ओलं लागलं का?"

"खालच्या पिशवीतले स्वेटर दमट लागतात. आणि पहिल्या दिवसापासून ओल्या गोणपाटासारखा वास येतोय. मी मुलाला म्हटलं होतं, पण तो म्हणतो बंद गाडीचा वास असेल."

काकूंचं नाक खरं होतं. कपाटाच्या तळाला ओल मोजायचं यंत्र लावलं. लाकडात १५ टक्क्यांपर्यंत आकडा आला तर आम्ही निर्धास्त असतो, २० च्या पुढे गेला की कान टवकारतो. तिथे ३० च्याही वर गेला. शॉवरच्या दाराशी मात्र जेमतेम १८. पाहुण्यांना ओल दिसली ती शॉवरपाशी, कारण तिथे फरशीचा जोड आहे आणि पाणी तिथून वर डोकावतं. खरं पाणी कपाटामागे मुरत होतं.

शॉवरचा मिक्सर, म्हणजे गरम-थंड पाणी मिसळणारा नळ, ज्या भिंतीवर होता तिची दुसरी बाजू म्हणजे कपाटाची पाठ. ती फळी चिकटवून वर स्टेपल मारलेली. गरम आणि थंड, दोन्ही पाइपांचे सांधे त्या फळीमागे, आणि तिथे हात घालायला झाकण नाही. हे मला मनापासून चुकीचं वाटतं. घरात सांधा भिंतीत गाडला तर निदान भिंत हलत नाही. ही गाडी खड्ड्यांतून, खडीच्या रस्त्यांवरून रोज धावणार. जिथे सांधा आहे तिथे तो बघता येईल एवढं झाकण ठेवणं हे कारखान्याचं काम आहे, आणि त्याला खर्च फारसा नाही.

फळी कापायची तर कंपनीची परवानगी हवी. फोन केला. पुन्हा तेच, पुढून सिलिकॉन मारा. मी स्पष्ट सांगितलं, पुढून बंद केलं तर आतलं पाणी आतच राहील. जमीन म्हणजे वर प्लाय, मध्ये फोम, खाली प्लाय असा सँडविच असतो. त्यात शिरलेलं पाणी बाहेर निघायला वाट नसते, प्लायचे थर सुटतात, जमीन मऊ पडते. यंत्राचा आकडा आणि बर्फाच्या सुळक्याचा फोटो पाठवला. थोड्या वेळाने परवानगी आली.

तोवर मुलगा-सूनही आले होते. हीटर बंद केला, गरम पाणी निवू दिलं, पंपाचं बटण बंद करून नळ उघडून दाब काढला. फळीवर पेन्सिलने चौकोन आखला, वहीच्या पानापेक्षा थोडा लहान. मल्टिटूलचं पातं फळीच्या जाडीपुरतंच बाहेर ठेवलं, कारण मागे वायरी असतात. तुकडा सुटला आणि काकू म्हणत होत्या तोच वास अंगावर आला. आतला प्लाय खाली काळा पडला होता. टॉर्चमध्ये लाल पाइप दिसला, गरम पाण्याचा, १२ मिलिमीटरचा. तो जमिनीतून येऊन अगदी थोड्या जागेत वळवून सरळ मिक्सरच्या सांध्यात खुपसला होता. एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, नाही, क्लिप नाही.

हे सांधे आट्यांचे नसतात, दाबून बसवायचे असतात. आत स्टीलचे बारीक दात पाइप धरून ठेवतात आणि त्यामागे रबराची रिंग पाणी अडवते. पाइप सरळ शिरला तर हा सांधा उत्तम टिकतो. इथे वळलेला पाइप सरळ व्हायला बघत होता आणि सांध्याला सतत एका बाजूला ओढत होता. रबराच्या रिंगवर एका अंगाला जास्त दाब, दुसऱ्या अंगाला कमी. त्यात गरम पाण्याने पाइप नरम पडतो, थंडीने पुन्हा कडक होतो, आणि रस्त्याचे हादरे.

कोरडं करून सांध्याभोवती टिश्यू पेपरची एक पट्टी गुंडाळली आणि काकांना पंप चालू करायला सांगितलं. टॉर्च धरून आम्ही दोघं बघत राहिलो. पट्टी वरून कोरडी, डावीकडे कोरडी, आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात एक राखाडी ठिपका उमटला. पसरत पसरत त्याचा थेंब झाला, पाइपावरून घरंगळून वायरीवर आला आणि वायरीला धरूनच कपाटाच्या तळाकडे गेला. भोकाशी सुळका का होता ते तिथे उलगडलं.

काका म्हणाले, "कालव्यातही असंच बघ. झिरपा भरावाच्या पायथ्याशी दिसतो, आणि भेग असते वरच्या बाजूला कुठेतरी. लोक पायथ्याशीच माती टाकत बसतात."

सेकंदाला एक थेंब धरला तर दिवसाला चारेक लिटर होतात. इथे स्वयंपूर्ण गाडीच्या, म्हणजे स्वतःचं पाणी आणि सांडपाणी सोबत वागवणाऱ्या गाडीच्या, नियमात माणशी दिवसाला ४ लिटरच पाणी धरलेलं आहे. एका माणसाचं रोजचं पाणी कपाटामागे चाललं होतं.

पंप बंद करून पुन्हा दाब काढला, सांध्याची कॉलर दाबून पाइप बाहेर ओढला. टोक तिरपं कापलेलं, कारखान्यातच कोणीतरी सुरीने कापलेलं असावं, आणि त्यावर लांबीच्या दिशेने एक ओरखडा. आडवा ओरखडा एक वेळ चालतो, उभ्या ओरखड्यातून पाणी रिंगखालून थेट वाट काढतं. खराब टोक कटरने काटकोनात उडवलं, कडा साफ केली. पाइप नरम असल्याने आत कडक प्लॅस्टिकची नळी, इन्सर्ट, घातली म्हणजे तो गोलच राहील. मग एल्बो लावून एक छोटा तुकडा असा जोडला की पाइप मिक्सरमध्ये नाकासमोर शिरावा. मिक्सरचा नट नव्या वायसरवर हाताने घट्ट केला आणि पान्याने थोडाच फिरवला. आपल्याकडे जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी, पाइपला सफेदा आणि सूत गुंडाळून जोर लावायची सवय असते, ती इथे उपयोगाची नाही. इथे पाणी वायसर अडवतो, आटे नाहीत. जास्त आवळलं तर प्लॅस्टिकचा नट तडकतो. शेवटी पाइपाला दोन ठिकाणी क्लिपा मारल्या. थंड पाण्याच्या बाजूलाही तसाच वाकडा पाइप होता. तो अजून गळत नव्हता, तरी त्याचंही तसंच करून टाकलं.

नवी टिश्यूची पट्टी लावून, पाणी गरम करून, पंप चालू ठेवून बसलो. काकांनी घड्याळ काढून समोर ठेवलं. वाट बघताना टेकापो कालव्याचा विषय निघाला. टेकापोहून पुकाकी सरोवराच्या बाजूला वीज केंद्राकडे जाणारा हा सुमारे २६ किलोमीटरचा कालवा. २०१३-१४ मध्ये गळतीमुळे त्यातलं पाणी उतरवून काही भागात जाड प्लॅस्टिकचं अस्तर घातलं होतं, हे सांगितल्यावर काका एकदम सरसावून बसले. अस्तर तळालाच की बाजूंनाही, खालचा थर कसला, पाणी पुन्हा भरताना वेग किती ठेवला, प्रश्नांवर प्रश्न. मला सगळं सांगता आलं नाही, पण कालव्याच्या कडेने रस्ता कुठून लागतो ते नकाशावर दाखवलं. तासभर पंप वाजला नाही. पट्टी कोरडी.

तात्पुरतं झाकण म्हणून कापलेलाच तुकडा चार स्क्रूंवर बसवला. काकूंना सांगितलं, "कपाट रिकामं आणि उघडं ठेवा, रात्री गरम हवेचा झोत तिकडे सोडा. झोपताना आणि गाडी चालू असताना पंपाचं बटण बंद." मुलाला सांगितलं, गाडी परत देताना ओल लागल्याचा ठपका तुमच्यावर यायला नको, माझा अहवाल आणि फोटो जवळ ठेव.

अहवाल मी जरा सविस्तरच लिहिला. सांधा दुरुस्त झाला, जमीन नाही. गाडी पूर्ण वाळून आकडा खाली येईपर्यंत भाड्याने देऊ नये, आणि ताफ्यातल्या याच मॉडेलच्या बाकी गाड्यांचं कपाट उघडावं. कंपनीने ऐकलं, हे मला सांगायलाच हवं. थंडीत गाड्यांना मागणी कमी असते तेव्हा त्यांच्या आवारात आम्ही ती कपाटं उघडली. बऱ्याच गाड्यांत तोच वळलेला लाल पाइप होता. काही कोरड्या होत्या. एकीत मात्र स्क्रूड्रायव्हर जमिनीच्या प्लायमध्ये हाताच्या जोरानेच शिरला. तिची जमीन त्या बाजूने पूर्ण काढावी लागली.

आता त्यांच्या त्या गाड्यांत कपाटाच्या पाठीवर स्क्रूचं नीट झाकण आहे, आणि गाडी परत आली की ते उघडून टिश्यू लावून बघायचं असं त्यांच्या तपासणीच्या कागदावर छापलेलं आहे. गाडी बनवणाऱ्या कारखान्याला मी फोटोंसह पत्र पाठवलं होतं. उत्तर आलेलं नाही, म्हणून या आठवड्यात पुन्हा पाठवलं.