संत्र्याच्या कलमांपासून कॅक्टसपर्यंत : आमच्या नर्सरीची वाटचाल

आमच्या वरूड तालुक्यात नर्सरी म्हटलं की माणूस संत्र्याची कलमंच समजतो, आणि त्यात शेंदुरजनाघाटकडचा पट्टा म्हटला तर विचारूच नका, घरटी कोणी ना कोणी डोळे बांधणारा, म्हणजे कलम करणारा निघतोच. आमचंही तेच होतं. आजोबा, मग बाबा, जंबेरी लिंबाच्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळाच्या रोपावर, नागपुरी संत्र्याचा डोळा बांधायचा, कलम वाढवायची अन् पाऊस लागला की गाड्या भरून द्यायची. पण या धंद्याचं असं आहे की पाऊस चांगला असला तर शेतकरी नवीन बगीचा लावतो, नाहीतर तयार झालेली कलमं वाफ्यात तशीच उभी, आणि बोअर कुठवर खोल गेले ते वरूड-मोर्शीवाल्यांना मी काय सांगू.

कॅक्टसचा नाद मला अकोल्याला कृषी विद्यापीठात शिकत होतो तेव्हापासूनचा. होस्टेलच्या खिडकीत पाच-सहा डबे, तेच घरी आले, गच्चीवर वाढत गेले. बाबांचं तेव्हा एकच म्हणणं, "लोकं फुलं लावतात, आमचा पोरगा काटे लावून राह्यला बाप्पा, कोण घेईन हे?" आईला वेगळीच काळजी, काटेरी झाड घरात बरं नाही म्हणतात म्हणून ती शेजारच्या काकू आल्या की गच्चीचं दार ओढून घ्यायची.

धंदा म्हणून याच्याकडे पाहायला लावलं ते मून कॅक्टसने. तो लाल-पिवळा गोळा वरती असलेला तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल. तो गोळा म्हणजे जिम्नोकॅलिशियम मिहानोविचीचं रंग बदललेलं रोप, जपानमध्ये 1940 च्या आसपास बियांच्या रोपांत निघालेलं. त्याच्यात हिरवा रंगच नाही त्यामुळे स्वतःचं अन्न त्याला बनवता येत नाही, म्हणून खाली हिरवा तीनधारी खुंट लागतो, आणि तो खुंट म्हणजे आपलं ड्रॅगनफ्रूट. हे बाबांना सांगितलं तर ते एकदम खाटेवरून उठले, म्हणाले "म्हंजे हे कलमच हाय ना मग, दाखव इकडं." आणि संत्र्याचा चाकू घेऊन बसले.

आता यात संत्र्यापेक्षा वेगळं काय ते सांगतो, कारण लोक व्हिडिओ पाहून करतात अन् गोळा चार दिवसांत गळून पडला म्हणतात. संत्र्यात साल उचलून डोळा आत सरकवायचा असतो, इथे दोन्हीकडून सपाट आडवा काप. कापल्यावर मध्ये एक फिकट वाटोळं दिसतं, त्याच्यातूनच पाणी-अन्न चढतं, वरच्या गोळ्याचं वाटोळं अन् खालच्या खुंटाचं वाटोळं एकमेकांवर कुठेतरी आलंच पाहिजे. ड्रॅगनफ्रूटचं वाटोळं बारीक असतं म्हणून बरोबर मधोमध ठेवून चालत नाही, कधी कधी गोळा थोडा सरकवून बसवावा लागतो. दुसरं म्हणजे खुंटाच्या तिन्ही धारा वरून तिरप्या तासायच्या, नाहीतर सुकताना मधला गर खाली बसतो, कडा वर राहतात आणि गोळा उचलला जातो. मग वरून रबरबँड, सावलीत आठ-दहा दिवस, कापावर पाण्याचा थेंब पडू द्यायचा नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याकडे हे झकास जमतं, हवा कोरडी असते अन् ऊन अजून पेटलेलं नसतं. बाबांचा हात पन्नास वर्षांचा, त्यांची कलमं माझ्यापेक्षा जास्त लागतात अजूनही, हे मी गिऱ्हाईकासमोर पण कबूल करतो.

गिऱ्हाईकाला मात्र हेही सांगतो की मून कॅक्टस काही वर्षांचाच पाहुणा आहे, खुंट थकतो. ते ऐकून काही जण घेत नाहीत. नको घेऊ देत.

विदर्भात हा छंद करायचा म्हणजे पुस्तकातलं अर्धं बाजूला ठेवावं लागतं. सगळ्यांना वाटतं कॅक्टस वाळवंटातला, त्याला ऊन काय करणार. पण मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, आणि त्याहून वाईट म्हणजे रात्रही तापलेलीच राहते. ही झाडं दिवसा श्वासाची भोकं बंद ठेवतात अन् रात्री उघडतात, पाणी वाचवायला. रात्रच गरम असली की बरीचशी वाढ थांबवून गप बसतात. तेव्हा "बिचारं सुकून राह्यलं" म्हणून दुपारी पाणी घातलं तर काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत मुळं शिजतात. आम्ही एप्रिलपासून 50 टक्केची, म्हणजे अर्धं ऊन अडवणारी हिरवी नेट टाकतो, कुंड्या एकमेकांना खेटून ठेवतो म्हणजे बाजूनं ऊन लागत नाही, आणि पाणी दिवस मावळल्यावर, तेही थोडंच. अॅडेनियम अन् युफोर्बिया मिली मात्र या उन्हात खुशाल फुलतात. एकेव्हेरियाचं उलटं, फोटोत जी गुलाबाच्या फुलासारखी दिसते अन् सगळ्यांना तीच पाहिजे असते, ती आमच्या उन्हाळ्यातून कशीबशी निघते आणि जुलैत सडते, म्हणून आम्ही ती फक्त ऑक्टोबर ते फेब्रुवारी विकतो.

पावसाळ्यात वर यूव्ही प्लास्टिक, बाजू मोकळ्या, अन् हात आवरून पाणी. माती म्हणाल तर आपली काळी कपाशीची माती यात चिमूटभर नको, ओली झाली की फुगते, सुकली की भेगा पडतात अन् बारीक मुळं तुटतात. आम्ही चाळलेली भरड रेती, विटांचे बारीक तुकडे, कोळसा, थोडं गांडूळखत अन् मूठभर निंबोळी पेंड असं करतो. तरी एखादं बुडातून मऊ पडतंच. ते अंगठ्यानं दाबून कळतं. मग धारदार ब्लेडनं खालून काप घेत वर जायचं, त्या मधल्या वाटोळ्यात तांबूस ठिपका दिसतोय तोवर कापत राहायचं, स्वच्छ पांढरा-हिरवा गर लागला की थांबायचं, बुरशीनाशक पावडर लावून सावलीत आठ-पंधरा दिवस सुकवायचं आणि मग कोरड्या रेतीवर ठेवायचं. ठिपका राहू दिला तर सगळी मेहनत पाण्यात. पिठ्या ढेकूण म्हणजे मिलीबग, त्याच्याबद्दल कपाशीवाल्यांना काय सांगायचं, फक्त इथे तो मुळातही लपतो, म्हणून नवीन आलेलं प्रत्येक रोप कुंडीतून काढून मुळं पाहूनच आत घेतो.

लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन मागणी वाढली तेव्हा आम्ही एक गोष्ट ठरवली, नाव लावल्याशिवाय रोप बाहेर जाणार नाही. बाजारात सगळं "मिक्स कॅक्टस" म्हणून विकतात, त्यात अर्ध्या युफोर्बिया असतात, म्हणजे कॅक्टससारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्याच कुळातल्या. ओळखायचं सोपं आहे, एक भिंग घ्या आणि काट्याचं बूड पाहा. कॅक्टसचा काटा एका बारीक उशीतून निघतो, सरकीवर लव असते तशी लव असते त्या उशीवर, तिला अरिओल म्हणतात, फूलही तिथूनच अन् फांदीही तिथूनच. अॅस्ट्रोफायटम अॅस्टेरियासला काटा नाही पण उशी आहे, म्हणजे तो कॅक्टसच. युफोर्बियाला उशी नसते, काटे बहुतेक जोडीनं असतात आणि टोचलं की पांढरं दूध येतं. हा शाळेचा अभ्यास नाही, ते दूध डोळ्यात गेलं तर दवाखाना गाठावा लागतो, घरात लहान पोरं असतील तर घेणाऱ्याला माहीत असलंच पाहिजे की आपण काय नेतोय. लेबलवर जुनं नाव पण लिहितो, कारण शास्त्रज्ञ नावं बदलत राहतात, स्नेक प्लांट सॅन्सेव्हेरियाचं ड्रासेना झालं, गोल्डन बॅरलचंही बदललं, गिऱ्हाईक जुन्याच नावानं विचारतं.

एका ठोक व्यापाऱ्यानं सुरुवातीला कॅक्टसवर वाळलेली फुलं ग्लू-गननं चिकटवलेला माल पाठवला होता, वर निळा-गुलाबी रंग मारलेला. तो माल परत केला, त्यानं पैसे परत केले नाहीत. लोक आजही विचारतात, "दादा ते फुलवाले नाहीत का?" नाहीत. मॅमिलेरिया कॅक्टसला थंडी संपता संपता स्वतःची फुलं येतात डोक्याभोवती गोल, ती पाहायला या.

विक्रीचा खरा सीझन मात्र आमच्या घरचीनं शोधला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून बिनकाट्याची छोटी रोपं, हॉवर्थिया, गॅस्टेरिया, जेड. काट्याची अडचण नाही, प्लास्टिकच्या डब्यापेक्षा बरं, आणि जानेवारीत आमच्याकडची रोपं वर्षातल्या सगळ्यात चांगल्या रंगात असतात. अमरावती, नागपूरहून बायका डिसेंबरातच बुकिंग करतात. आई आता गच्चीचं दार ओढत नाही, वाणाच्या कुंड्यांना लाल दोरा तीच बांधते.

कुरिअरनं पाठवताना माती झटकून, मुळं दोन दिवस सुकवून, पेपरात गुंडाळून पाठवतो. पार्सल फोडल्यावर लगेच पाणी घालू नका, चार-पाच दिवस सावलीत कोरड्या मातीत राहू द्या, मोडलेली मुळं भरून येतात. एप्रिल-मेमध्ये पार्सल बंद असतं, गाडीच्या डब्यात झाड उकडून निघतं. त्या दिवसांत ज्यांना पाहिजे त्यांनी सकाळी दहाच्या आत नर्सरीवर यावं, नंतर आम्हीच नेटखाली नसतो.