बिजागरीचा ट्रॅकर, पौष अमावस्या अपडेट: १३५ला शेपट्या का येत होत्या ते शेवटी सापडलं

मागच्या वेळी लिहिलं होतं की ट्रॅकर (लांब एक्स्पोजरमधे तारे ठिपक्यासारखेच राहावेत म्हणून कॅमेरा आकाशाच्या वेगाने फिरवणारं घरगुती यंत्र) ५० मिमी लेन्सला एकदम झकास चालतोय आणि आता १३५ लावतो, तर ते झकास वगैरे सगळं माझ्या डोक्यातच होतं. १३५ लावल्यावर पहिल्याच रात्री ताऱ्यांना शेपट्या. दोन अमावस्या त्यात गेल्या, तिसरीच्या आधी कारण सापडलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

नवीन आलेल्यांसाठी सेटअप: १८ मिमी प्लायच्या दोन फळ्या, एका बाजूला पियानो बिजागरी, दुसऱ्या बाजूला एम६चा थ्रेडेड रॉड वाकवून वरच्या फळीला पक्का केलाय, खालच्या फळीत नट बसवलेला गिअर फिरतो आणि फळी उघडत जाते. एम६चा पिच (एका फेरीत नट सरकतो ते अंतर) १ मिमी, मिनिटाला एक फेरी धरली तर बिजागरीच्या पिनपासून रॉडपर्यंत २२८.६ मिमी अंतर लागतं, म्हणजे बरोब्बर ९ इंच. घरात १८ इंची परात असेल तर रॉडची गोलाई तिच्यावरून आखता येते, मी तेच केलं (आखायलाच वापरा, रॉड तिच्यावर वाकवायला जाऊ नका, काठाला पोचा आला आणि आई अजून ऐकवते). सरळ रॉड ठेवला असता तर २० मिनिटांत पाऊण आर्कमिनिटाची (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग, आर्कसेकंद त्याचाही साठावा) चूक साठते, म्हणून ही वाकवायची कटकट. गिअर जुन्या प्रिंटरचे, १:१. मोटर २८बीवायजे-४८ (स्टेपर, म्हणजे ठरलेल्या छोट्या स्टेपने फिरणारी), ती चालवायला यूएलएन२००३ ड्रायव्हर आणि आर्डुइनो नॅनो, पॉवर बँक. खाली १८.५ अंशाची लाकडी पाचर, म्हणजे बिजागरी ध्रुवाकडे रोखलेली राहते. कॅमेरा कॅनन १३००डी.

लेन्स म्हणजे जुन्या बाजारात मिळालेली रशियन ज्युपिटर-३७ए, १३५ मिमी एफ/३.५, एम४२ माउंटची (जुनी आट्यांची), साध्या अडॅप्टरवर कॅननला बसते. एम४२ लेन्सने एम४२ (मृगातला तेजोमेघ) काढायचा हा पीजे मी ग्रुपमधे इतक्यांदा मारलाय की आता कोणी हसत पण नाही.

तर वेल्ह्याच्या पुढे तोरण्याच्या पायथ्याला नेहमीची जागा. दक्षिणेला मस्त अंधार, पण पुण्याचा सगळा उजेड ईशान्येला, आणि आपल्याकडे ध्रुव जेमतेम साडेअठरा अंशावर, म्हणजे नेमका त्या पिवळट धुरकटात. पहिल्या रात्री २ मिनिटांच्या फ्रेममधे तारे दोन पिक्सेल लांब, ४ मिनिटांना तर तांदळाचे दाणे. मी लगेच ध्रुवावर खापर फोडलं, कारण तेव्हा मी बिजागरीला चिकटवलेल्या शहाळ्याच्या स्ट्रॉमधून ध्रुव बघत होतो. आणि संशय अगदीच चुकीचा नव्हता, खरा ध्रुवबिंदू (ज्याभोवती आकाश फिरतं तो) ध्रुवताऱ्यापासून साधारण ४० आर्कमिनिट लांब आहे, नुसता तारा मधे धरला तरी १३५ला २ मिनिटांत तीनेक पिक्सेल सरकू शकतं. मग दुसऱ्या अमावस्येला ६x३०चा फाइंडर (छोटी दुर्बीण) बिजागरीला समांतर बसवून ॲपमधे बघून ध्रुव नीट बाजूला ठेवला. वर-खाली सरकणं गेलं. शेपट्या आहेत तशाच.

इथे मी जी गोष्ट पहिल्या रात्रीच करायला हवी होती ती केली. मोटर बंद करून ३० सेकंदांची एक फ्रेम घेतली. त्यात ताऱ्यांच्या रेघा ज्या दिशेने येतात ती पूर्व-पश्चिम. मग मोटर चालू करून ४ मिनिटांची घेतली आणि दोन्ही फोटो स्क्रीनवर आलटून पालटून बघितले. शेपट्या त्या रेघांना तंतोतंत समांतर. म्हणजे ध्रुवाचा काही संबंध नाही, वेगच चुकतोय. शेपटी रेघांना आडवी आली असती तर ध्रुवाची अलाइनमेंट. ही एक फ्रेम आधी घेतली असती तर एक अख्खी अमावस्या वाचली असती.

घरी येऊन रॉड काढला, गिअरवर बहिणीच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला, तो घड्याळातल्या बाराच्या जागी आणून मोटर चालू केली आणि मोबाईलवर एक तास लावला. ६० फेऱ्या होऊन ठिपका परत बारालाच थांबायला हवा होता. थांबला साडेतीनवर. पाव फेरीपेक्षा जास्त! परत केलं, परत साडेतीन.

कारण असं की या मोटरचा गिअर रेशो सगळीकडे ६४:१ लिहिलेला असतो आणि कोडमधे लोक (मी पण) फेरीला ४०९६ हाफ-स्टेप (मोटरची अर्धी अर्धी पावलं) डोळे झाकून टाकतात. आतल्या चाकांचे दात मोजले तर रेशो निघतो ६३.६८, म्हणजे ४०७५.७७ स्टेप. मी मिनिटाला ४०९६ पाठवत होतो, म्हणजे मोटर अर्धा टक्का जोरात. वर व्हर्नियर लावून बिजागरीचं अंतर मोजलं तर भोक २२८ला पडलेलं, ०.६ मिमी आत, त्याचे अजून पाव टक्का, ते पण जोरातच. एक जोरात आणि एक हळू असतं तर एकमेकांना खाऊन टाकलं असतं, पण एवढं नशीब कुठलं. एकूण ०.७६ टक्के. ४ मिनिटांत आकाश १ अंश सरकतं, त्याचे हे २७ आर्कसेकंद, १३५ला ६.६ आर्कसेकंदाचा एक पिक्सेल, झाले चार पिक्सेल. तांदळाचा दाणा.

मग ५०ला पास कसा झाला? एक तर ५०ला पिक्सेल १७.७ आर्कसेकंदाचा. आणि दुसरं, टेस्ट मी शर्मिष्ठा तारकासमूहावर घेतली होती, ती आकाशाच्या विषुववृत्तापासून ६० अंश उत्तरेला, तिथे वेगाची चूक निम्मीच दिसते. टेस्ट घ्यायची तर मृगाच्या पट्ट्यावर घ्या, तो जवळपास विषुववृत्तावरच, तिथे काही लपत नाही.

भोक परत पाडायच्या भानगडीत पडलो नाही. दोन स्टेपमधलं अंतर १४.६४८ मिलीसेकंद होतं ते १४.७५९ केलं, दोन्ही चुका त्यातच गेल्या. आता तासाने ठिपका बाराच्या अलीकडे दहाच्या जवळपास थांबायला हवा. थांबला. (हो, परत अख्खा तास बसून बघितलं.)

पौष अमावस्येला मृगावर २ मिनिटांच्या ४० फ्रेम, एफ/४, आयएसओ १६००. ९ फेकल्या, त्यातल्या चार दवामुळे, कारण लेन्सला गुंडाळलेला मोज्यातला हीटर पॉवर बँकेने मधेच बंद केला, करंट कमी घेतो म्हणून ती झोपी जाते. उरलेली ६२ मिनिटं सिरिल सॉफ्टवेअरमधे स्टॅक केली (एकावर एक रचून एक फोटो). एम४२चे पंख व्यवस्थित आलेत, पट्ट्यातल्या डावीकडच्या ताऱ्याजवळ फ्लेम नेब्युला दिसतोय, घोड्याचं डोकं (हॉर्सहेड नेब्युला) म्हणजे एक काळा टवका आहे पण आहे! बर्नार्ड लूप (मृगाभोवतीची लालसर वायूची कमान) नाही, कॅमेऱ्यातला फिल्टर ६५६ नॅनोमीटरचा लाल बराचसा अडवतो, आणि तो काढायची हिंमत अजून होत नाहीये.

बाकी राहिलंय ते नटचं डुगडुगणं. काही फ्रेममधे तारे अजून किंचित लंबुळके आहेत आणि मला वाटतं नट गिअरमधे थोडा तिरका चिकटलाय. तसं असेल तर दर फेरीला एकदा, म्हणजे मिनिटाला एकदा मागेपुढे व्हायला हवं. पुढच्या अमावस्येला १५-१५ सेकंदांच्या सलग फ्रेम घेऊन एकच तारा कुठे कुठे जातो ते मोजतो आणि ग्राफ टाकतो.