पाकिटावरचा ४००६०८

ठाण्यातील बाळकूमचा पिनकोड, ४००६०८, पाकिटावर लिहिता लिहिता मी त्याचे अवयव पाडायला बसलो. पाच वेळा दोनने भाग गेला, १२५१९ उरले, आणि अंकांची बेरीज १८ असल्याने नऊने भाग जाणार हे उघडच होते. पुढचे १३९१ मात्र थोडे अडले (पाकीट तसेच राहिले). ते १३ गुणिले १०७ निघाले. ४००६०८ या संख्येला एकूण ७२ विभाजक आहेत आणि तिला स्वतःला वगळून बाकीच्यांची बेरीज ८३७७२० होते, म्हणजे तिच्या दुपटीहूनही अधिक. इतके विभाजक असूनही ती दोन पूर्ण वर्गांची बेरीज म्हणून मांडता येत नाही, कारण चारने भागल्यास तीन बाकी उरणारा १०७ हा मूळ अवयव तिच्यात एकदाच येतो.