तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या माणसांत विचारायचं कोणाला?

कुणी ॲडमिट झालं की दुसऱ्या दिवशी मला फोन येतो. भाच्याचा, शेजाऱ्यांचा, जुन्नरहून नाहीतर भोरहून उपचारांसाठी पुण्याला आलेल्या ओळखीतल्या कुणाचा तरी. प्रश्न ठरलेला असतो. "सिस्टर, सकाळपासून इतकी माणसं येऊन गेली. कुणी रक्त नेलं, कुणी छाती तपासली, कुणी पाय वाकवून बघितला. यातले खरे डॉक्टर कोण? आम्ही विचारायचं तरी कोणाला?" मी वॉर्डात इनचार्ज सिस्टर होते, निवृत्तीआधी नर्सिंगच्या मुलींना शिकवलं, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. फोनवर घाईघाईत त्याचं उत्तर देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

तुमच्या पेशंटजवळ येणारा प्रत्येकजण वेगळं काहीतरी बघायला शिकून आलेला असतो. त्याला जे दिसतं ते दुसऱ्याला दिसेलच असं नाही. त्यामुळे मोठ्या डॉक्टरांनाच गाठून सगळं विचारायचं हा हट्ट सोडलात, तर तुम्हाला पेशंटबद्दल जास्त कळेल. कपड्यांवरून मात्र अंदाज बांधू नका. पांढरा कोट डॉक्टर घालतात तसा फिजिओथेरपिस्टही घालतात, आणि सिस्टरांच्या गणवेशाचा रंग दर हॉस्पिटलात वेगळा असतो. गळ्यातलं ओळखपत्र वाचा, नाहीतर सरळ विचारा, "आपण कोण?" याचा कुणी राग मानत नाही आणि मानूही नये.

सकाळच्या राउंडला पुढे असतात ते कन्सल्टंट, म्हणजे त्या आजाराचे तज्ज्ञ डॉक्टर. एमबीबीएसची साडेचार वर्षं, मग वर्षाची इंटर्नशिप, मग एमडी किंवा एमएसची तीन वर्षं. हृदय, मेंदू, किडनी अशा एकाच विषयात आणखी पुढे गेलेले असतील तर डीएम किंवा एमसीएचची अजून तीन. म्हणजे बारावीनंतर साडेअकरा वर्षं, तीही मधे कुठे खंड पडला नाही तर. आजार काय आहे, ऑपरेशन कशासाठी, न केल्यास काय होईल, घरी कधी सोडणार, हे प्रश्न त्यांचे. ते पलंगाजवळ थोडाच वेळ थांबतात, म्हणून आदल्या रात्री कागदावर दोन-तीन प्रश्न लिहून ठेवा आणि घरातल्या एकानेच विचारा. चार नातेवाईक चार बाजूंनी बोलायला लागले की एकाही प्रश्नाचं उत्तर नीट मिळत नाही.

ससूनसारख्या शिकवणाऱ्या हॉस्पिटलात कन्सल्टंटच्या मागे रेसिडेंट असतात. लोक त्यांना "शिकाऊ" म्हणून टाळतात, याचं मला फार वाईट वाटतं. ही मुलं एमबीबीएस होऊन एमडी-एमएस करत असतात. ससून १८६७ पासून चालू आहे, त्याला जोडलेलं बी. जे. मेडिकल कॉलेज १९४६ चं, आणि तिथला रात्रीचा वॉर्ड आजही ही तरुण मुलंच सांभाळतात. रात्री तीनला तुमच्या वडिलांना दम लागला तर धावत येणारा रेसिडेंटच असतो, आणि केसपेपरवरची बारीकसारीक नोंदही त्यालाच तोंडपाठ असते. इंटर्न वेगळे. एमबीबीएसची शेवटची परीक्षा देऊन त्यांचं इंटर्नशिपचं वर्ष चालू असतं आणि ते कुणाच्या तरी देखरेखीखालीच काम करतात.

खासगी हॉस्पिटलांत चोवीस तास हजर असतात ते आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर. पुण्यात कित्येक ठिकाणी ते बीएएमएस (आयुर्वेद) किंवा बीएचएमएस (होमिओपॅथी) असतात. त्यांचाही अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा आणि वर एक वर्ष इंटर्नशिप, पण त्यांचं शास्त्र वेगळं. त्यांच्यातले अनेक जण अतिशय जागरूकपणे काम करताना मी पाहिले आहेत. तरीही रात्रीच्या ड्यूटीवर कोण आहे, त्यांचं शिक्षण काय आणि गरज पडली तर कोणते कन्सल्टंट येणार, हे ॲडमिट होतानाच विचारून घ्या. हा तुमचा हक्क आहे.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ येतात. "भूल द्यायला कुणीतरी येऊन गेलं," असं लोक सहज म्हणतात. ते एमबीबीएस करून भूलशास्त्रात पुढचं शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात, आणि ऑपरेशन चालू असताना तुमचा श्वास, रक्तदाब आणि हृदयाचे ठोके त्यांच्या हातात असतात. हलणारे दात, दमा, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, तंबाखू, दारू, यातलं काहीही त्यांच्यापासून लपवू नका. सुनेसमोर सांगायला संकोच वाटत असेल तर तिला बाहेर पाठवा, पण सांगा.

आता सिस्टर. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

नर्सिंगची शिक्षणं तीन. एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं, त्यापुढे एमएस्सी. शिक्षण झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी झाल्याशिवाय काम करता येत नाही. औषध लिहून देण्याचा अधिकार आमच्याकडे नसतो. लिहिलेलं औषध योग्य पेशंटला, योग्य मात्रेत, योग्य मार्गाने, योग्य वेळी जाणं ही जबाबदारी आमची, आणि लिहिण्यात चूक वाटली तर ते न देता फोन करून विचारणं हीही आमचीच. "रोज बघता मला, तरी नाव काय विचारता?" असं आजोबा चिडून म्हणतात. विचारावंच लागतं. शेजारच्या बेडवर त्याच आडनावाचे दुसरे आजोबा असू शकतात. इन्शुलिन भरताना दोघी सिस्टर सिरिंज उजेडात धरून एकमेकींना आकडा वाचून दाखवतात, ते बघून आमच्याबद्दल शंका घेऊ नका. धोक्याच्या औषधांसाठी तीच शिस्त आहे.

डॉक्टर येऊन जातात. सिस्टर तिथेच असते. ताप कधी चढला, लघवी किती झाली, रात्री आजी बडबडल्या का, टाचेला लाल चट्टा उठतोय का, हे तिला माहीत असतं. ड्यूटी बदलताना दोघी पलंगाजवळ उभ्या राहून एकेका पेशंटची हकिगत एकमेकींना सांगतात. तेवढा वेळ त्यांना थांबवू नका, त्यानंतर विचारा. आणि तुम्ही स्वतः पाहिलेलं सांगा. "आज वडील नेहमीसारखे बोलत नाहीत," हे घरच्या माणसाला आधी कळतं, आणि सिस्टरच्या दृष्टीने ती मोलाची माहिती असते.

पुण्यात या कामाला मान मिळवून देण्यासाठी बायकांनी फार सोसलं आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं, आणि तिथल्या मुली, त्यात कितीतरी बालविधवा, ससूनमध्ये नर्सिंग शिकायला जाऊ लागल्या. परक्या पुरुषाचं अंग पुसणं हे त्या काळच्या घरंदाज माणसांना किती अवघड गेलं असेल! आजही कुणी "नुसती नर्स" म्हटलं की मला त्या मुली आठवतात.

वेगवेगळी माणसं एकमेकांच्या हातात काम कसं देतात, ते एका उदाहरणावरून सांगते. अर्धांगवायूचा पेशंट आला की घरच्यांची पहिली काळजी असते, "सकाळपासून पोटात काही नाही." मुलगा थर्मासमधून चहा ओततो, बायको चमच्याने पाणी पाजू बघते. सिस्टर मधे हात घालून थांबवते आणि घरच्यांना ती निर्दय वाटते. खरं म्हणजे अर्धांगवायूच्या झटक्यात चेहऱ्याचे, जिभेचे आणि घशाचे स्नायूही लुळे पडलेले असू शकतात. पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतं आणि त्यातून न्यूमोनिया होतो. काहींना तर ठसकासुद्धा लागत नाही, त्यामुळे बघणाऱ्याला काही कळतही नाही. म्हणून सिस्टर पेशंटला ताठ बसवते, एक चमचा पाणी देते, गळ्यावर हलकी बोटं ठेवून घाटी वर उचलली जाते का ते बघते, आणि मग त्याला "आऽ" म्हणायला सांगते. आवाज घोगरा, ओलसर आला, घशात पाणी खुळखुळल्यासारखा, तर तिथेच थांबायचं. तोंडावाटे काही नाही, नाकातून नळी, आणि स्पीच थेरपिस्टना निरोप.

स्पीच थेरपिस्ट म्हणजे तोतरं बोलणाऱ्या मुलांना शिकवणारे, एवढंच लोकांना माहीत असतं. तेच गिळण्याचेही तज्ज्ञ असतात. त्यांची पदवी इंटर्नशिप धरून चार वर्षांची असते आणि नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. ते येऊन ठरवतात, या माणसाला काय झेपेल. घरच्यांना वाटतं, पातळ गिळायला सोपं. उलट पाणी सगळ्यात अवघड, कारण ते भरकन घशात उतरतं आणि अशक्त स्नायूंना तेवढ्यात श्वासनलिका मिटता येत नाही. बऱ्याचदा सुरुवात दाटसर पदार्थापासून होते. चमचा लहान, घास चांगल्या बाजूने, काहींना हनुवटी छातीकडे झुकवून गिळायला शिकवायचं, आणि जेवणानंतर लगेच आडवं करायचं नाही. हे सगळं तुमच्या हातून करून घेतल्याशिवाय त्यांना जाऊ देऊ नका. घरी भरवणारे तुम्हीच असणार आहात.

त्याच पेशंटकडे फिजिओथेरपिस्ट येतात. त्यांचा अभ्यासक्रम आतापर्यंत साडेचार वर्षांचा होता, सहा महिन्यांची इंटर्नशिप धरून. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या आजींना दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं केलं की मुली रडवेल्या होतात. पण पडून राहिलं की पायात गुठळ्या होतात, छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात. कितपत दुखलं तर चालेल आणि कुठे थांबायचं, हे त्यांनाच विचारा, आणि मालिशवाल्याला बोलावण्याआधी विचारा.

मनाच्या आजारांतला घोटाळाही नेहमीचा. सायकियाट्रिस्ट हे एमबीबीएसनंतर एमडी झालेले डॉक्टर, औषध तेच देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसशास्त्रातून आलेले. चाचण्या आणि बोलण्यातून होणारे उपचार त्यांचे. बऱ्याच पेशंटना दोघांचीही गरज असते, आणि एकाकडे गेलात म्हणून दुसऱ्याचा अपमान होत नाही.

मेडिकलच्या दुकानात गेलात तर काउंटरवर फार्मासिस्ट कोण आहे ते विचारा. फार्मसी कायदा १९४८ चा आहे, आणि चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं, असं तो सांगतो. डीफार्मची दोन वर्षं आणि वर प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, किंवा बीफार्मची चार वर्षं शिकलेला हा माणूस असतो. डिस्चार्जच्या कार्डावरच्या नवीन गोळ्या आणि घरात आधीपासून चालू असलेल्या जुन्या गोळ्या दोन्ही त्याच्यासमोर ठेवा. वेगळ्या नावाने तीच गोळी दोनदा चालू आहे, हे अनेकदा तिथे लक्षात येतं.

आता पैशांचं, कारण फोन करणाऱ्यांना ते विचारायचं असतं आणि विचारवत नसतं. हॉस्पिटलात समाजसेवा विभाग असतो. तिथे बसतात ते एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातलं दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण, घेतलेले वैद्यकीय समाजसेवक. पुण्यातली बरीच मोठी हॉस्पिटलं धर्मादाय आहेत. अशा हॉस्पिटलांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. तातडीच्या प्रसंगी अशा रुग्णाकडून अनामत न मागता आधी त्याचा जीव वाचवायचा, हेही त्या योजनेत आहे. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला घेऊन पहिल्याच दिवशी समाजसेवकांना भेटा. बिल तयार झाल्यावर गेलात तर त्यांचे हात बांधलेले असतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसत असाल तर त्या हॉस्पिटलात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्रांना शोधा. काही वर्षांपूर्वी एका बाईंनी मंगळसूत्र गहाण टाकून पैसे भरले. समाजसेवकांची खोली त्याच मजल्यावर होती, आणि तिथे जा असं त्यांना कुणीही सांगितलं नव्हतं. हे मी अजून विसरू शकत नाही.

वॉर्डात पेशंटची उचल-ठेव करणाऱ्या मावशी आणि मामांचाही विसर पडू देऊ नका. पेशंटला कुशीवर वळवताना कंबर कुठे धरायची, हे घरी नेण्याआधी त्यांच्याकडून शिकून घ्या. गावी परत गेलात की उपकेंद्रात एएनएम आणि समुदाय आरोग्य अधिकारी आहेत, दारात आशाताई आहेत. बीपी आणि साखर बघायला दर वेळी पुण्याची एसटी पकडायची गरज नाही.

याच्या जोडीने हल्ली आणखी एक प्रश्न येतो. "मुलीचं मेडिकलचं हुकलं, तर नर्सिंगला घालू का?" तिला माणसांजवळ थांबायला आवडत असेल, रक्त-उलटी बघून ती मागे सरत नसेल, तर जरूर घाला, आणि कशाचं तरी हुकलं म्हणून आलीस असं तिला कधी म्हणू नका. प्रवेश घेण्याआधी कॉलेजला भारतीय परिचर्या परिषदेची आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का ते तपासा. मुलींना प्रत्यक्ष शिकायला स्वतःचं हॉस्पिटल आहे का, ते किती खाटांचं आहे आणि त्यातल्या किती खाटा भरलेल्या असतात, हे तिथे शिकणाऱ्या मुलींना भेटून विचारा.